ईवूड पार्कच्या भिंतीबाहेर

इंग्लंडला जाणारी आपली मंडळी लंडन बघतात, लेक डिस्ट्रिक्टचे फोटो टाकतात आणि घरात फुटबॉलचं वेड असेल तर मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मुलांसाठी लाल जर्सी घेऊन येतात. ब्लॅकबर्न कोणाच्याच यादीत नसतं. लँकेशायरमधलं हे जुनं गिरण्यांचं गाव. शेजारचं डार्वेन धरूनही वस्ती दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या वडोदऱ्याचा एखादा कोपरा. मी तिथे मुद्दाम गेले, कारण तिथल्या फुटबॉल क्लबचे मालक पुण्याचे आहेत आणि गावातल्या पुष्कळ लोकांना ते नको आहेत.

ब्लॅकबर्न रोव्हर्स हे नाव आपल्याकडच्या रात्री जागून प्रीमियर लीग बघणाऱ्या मुलांना फारसं माहीत नसेल, कारण गेली अनेक वर्षं हा संघ त्या लीगमध्ये नाही. पण क्लब १८७५ सालचा आहे. १८८८ साली इंग्लंडमध्ये पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांपैकी हा एक, आणि १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाही हा पहिल्या दिवसापासून होता. १९९५ मध्ये रोव्हर्सने ती लीग जिंकलीसुद्धा. एवढ्याशा गावाने!

मँचेस्टरला माझी मावसबहीण राहते. तिच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे वडील ब्लॅकबर्नचे, जन्मभराचे रोव्हर्सवाले. "पुण्याची माणसं भेटायला आली तर बोलतील का?" असं ताईने विचारलं, तर निरोप आला, "पुण्याची? अवश्य पाठवा. पंधरा वर्षं वाट बघतोय." मी वडोदऱ्याची आहे हे सांगायचं ताईने सोयीस्करपणे टाळलं.

शनिवारी सकाळी मँचेस्टर व्हिक्टोरियाहून छोटी गाडी पकडली. बोल्टन मागे पडलं की डोंगर जवळ येतात, हिरवे आणि ओले, वर एकही झाड नाही. मग डार्वेन येतं. तिथे गाडीच्या खिडकीतून एक प्रचंड धुराडं दिसतं, साधारण तीनशे फूट उंच, इटलीतल्या एखाद्या चर्चच्या मनोऱ्यासारखं नक्षीदार. ती गिरणी १८६०च्या दशकातली आणि तिचं नाव आहे इंडिया मिल. धुराड्याला इतका साज चढवावा एवढा पैसा कापडात होता, आणि ते कापड प्रामुख्याने आपल्याकडे विकलं जात होतं.

डार्वेनला मी उतरले नाही, पण हे गाव आपल्या इतिहासात आहे. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. पुढे गांधीजींच्या काळात बहिष्कार देशभर पसरला. जागतिक मंदी होतीच, त्यात ही भर. लँकेशायरच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९३१च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला आलेले गांधीजी मुद्दाम इथे आले, डार्वेनजवळच्या स्प्रिंगव्हेलमध्ये राहिले आणि ज्यांचं काम गेलं होतं त्यांच्यासमोर उभे राहिले. त्या वेळचा एक फोटो प्रसिद्ध आहे. गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात पंचा गुंडाळलेले गांधीजी, आणि बायका हात उंचावून त्यांचा जयजयकार करताहेत. ज्याच्यामुळे आपली चूल विझली असं वर्तमानपत्रं सांगत होती, त्याचा जयजयकार! तो त्यांच्या दारात आला, त्यांचं ऐकून घेतलं, आपलंही सांगितलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ब्लॅकबर्न स्टेशनसमोरच कॅथीड्रल आहे. स्टेशनपासून ईवूड पार्क हे रोव्हर्सचं मैदान दोन-तीन किलोमीटरवर. टॅक्सीत बसले. चालकाने आरशातून एकदा पाहिलं आणि सरळ गुजरातीत विचारलं, "बेन, इन्डियाथी?"

"हा, वडोदराथी."

"अरे! अमे तो भरूच बाजूना!"

झालं. पुढची दहा मिनिटं आम्ही दोघं लँकेशायरमध्ये नव्हतोच, नर्मदेच्या पुलावर होतो. पन्नास-साठच्या दशकांत इथल्या उरल्यासुरल्या गिरण्यांना रात्रपाळीला माणसं मिळेनात, तेव्हा भरूच आणि सुरतेकडची, तसंच पाकिस्तानातली कुटुंबं आली. या चालकभाईंचे वडील त्यांतले. नंतर गिरण्याही गेल्या, माणसं राहिली. आज या भागात तीनातला एक माणूस दक्षिण आशियाई वंशाचा आहे.

फुटबॉलचं विचारलं तर ते म्हणाले, "आमच्या अब्बांच्या वेळी मैदानाकडे जायचीसुद्धा भीती वाटायची. शिव्या पडायच्या. माझा मुलगा मात्र जातो. २०२२ला ईदची नमाज त्याच मैदानावर झाली, तेव्हा मी पहिल्यांदा आत पाय ठेवला." इंग्लंडमधल्या कोणत्याही फुटबॉल क्लबच्या मैदानावर झालेली ती पहिली ईदची नमाज. मालकांबद्दल काय वाटतं, असं विचारल्यावर ते थोडे थांबले. "जुओ बेन, पाटी लागली की 'इंडियन ओनर्स गो होम', तर ती मालकांना असते हे मला कळतं. पण वाचतो मी."

त्या एका वाक्यासाठी तिथपर्यंत जाणं सार्थकी लागलं असं मला वाटलं.

ज्यांना भेटायचं होतं त्यांचं घर मैदानापासून चालत पाच मिनिटांवर. लाल विटांची, एकमेकांना खेटलेली घरं, आपल्या जुन्या वाड्यांच्या बोळासारखी रांग. वय सत्तरच्या घरात, निवृत्त, घरात एक म्हातारा कुत्रा. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणू लागले. चहा करता करता त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही पुण्याच्या नाही तर?" मी सांगितलं की आम्ही मराठी, पण सहा पिढ्या गुजरातेत, गायकवाडांच्या मागून आलेलो. त्यांनी मान डोलावली. "म्हणजे तुमचाही एक राजा होता. आमचाही होता."

त्यांचा राजा म्हणजे जॅक वॉकर. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, पोलादाच्या धंद्यात प्रचंड पैसा मिळवलेला माणूस. लहानपणापासून रोव्हर्सचा चाहता. धंदा ब्रिटिश स्टीलला विकून आलेला पैसा त्याने १९९१ पासून क्लबमध्ये ओतला. मैदान जवळजवळ नव्याने बांधलं, केनी डॅलग्लिशसारखा व्यवस्थापक आणला, १९९२ मध्ये अ‍ॅलन शिअररला विक्रमी किंमत देऊन घेतलं. तीन वर्षांत विजेतेपद आलं, तेही शेवटच्या दिवशी लिव्हरपूलमध्ये सामना हरून! मँचेस्टर युनायटेडला त्याच वेळी लंडनमध्ये जिंकता आलं नाही म्हणून रोव्हर्स एका गुणाने पुढे राहिले. २००० साली वॉकर गेले. आज मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे आणि एका स्टँडला त्यांचं नाव. वॉकर कुटुंबाच्या ट्रस्टने आणखी दहा वर्षं क्लब चालवला, मग विकायला काढला.

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्हेंकीज समूहाने तो २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला, शिवाय क्लबवरचं कर्जही अंगावर घेतलं. तेव्हा आपल्याकडे किती कौतुक झालं होतं! ज्या लँकेशायरचं कापड आपण जाळलं, तिथला क्लब आता पुण्याचा. कोंबड्या आणि अंडी विकून मोठा झालेला भारतीय उद्योग इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये मालक म्हणून बसला. अभिमान वाटण्यासारखंच होतं ते.

ब्लॅकबर्नमध्ये मात्र गोष्टी लवकरच बिघडल्या. महिन्याभरात अनुभवी व्यवस्थापक सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढलं आणि त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले, ज्यांनी त्याआधी कोणत्याही संघाचं व्यवस्थापन स्वतंत्रपणे पाहिलं नव्हतं. रोनाल्डिन्योसारखी नावं बातम्यांत झळकली, आला कोणीच नाही. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये मालकांच्या कंपनीची कोंबडी खाताहेत अशी एक जाहिरात निघाली. ती काकांना आजही तोंडपाठ आहे. ७ मे २०१२ रोजी पावसात विगनकडून घरच्या मैदानावर हार झाली आणि रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. त्या सामन्यात कोणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. जगभर लोक हसले. "आम्ही नाही हसलो," काका म्हणाले.

पुढच्या हंगामात व्यवस्थापक बदलण्याचा सपाटाच लागला. एक टिकला ५७ दिवस, दुसरा ६७. आणि विगनच्या सामन्याला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, ७ मे २०१७ रोजी, क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकलेला एखादा संघ तिथवर खाली जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी टोनी मोब्रेंच्या हाताखाली तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आला आणि आजवर तिथेच आहे.

मधल्या काळात चाहत्यांनी काय काय केलं! मोर्चे काढले, फलक लावले. २०१६ मध्ये एका सामन्याला पुष्कळ लोक अठराव्या मिनिटापर्यंत बाहेर थांबले, मग आत गेले, आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून निघून आले. १८ आणि ७५, म्हणजे १८७५, क्लबचं जन्मवर्ष. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही, सरळ येणंच सोडलं. व्हेंकीज आले त्या हंगामात सामन्याला सरासरी २५ हजार माणसं असायची; २०१७ पर्यंत तो आकडा साडेबारा हजारांच्या आसपास आला. ३१ हजारांच्या मैदानात.

काका त्या गेलेल्यांपैकी एक. वडिलांच्या खांद्यावर बसून ते पहिल्यांदा ईवूडला गेले होते. पुढे अर्धशतकभर एकाच स्टँडमध्ये, जवळजवळ एकाच जागी. २०१७ नंतर त्यांनी तिकीट काढलेलं नाही. "त्यांच्या खिशात माझा एक पेनीसुद्धा जाणार नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात दार वाजलं. त्यांचा जावई आणि नऊ वर्षांची नात, दोघं निळ्या-पांढऱ्या जर्सीत. ते सामन्याला निघाले होते. मग स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच जो वाद झाला तो त्या घरात दर पंधरवड्याला होत असणार, कारण दोघांनाही एकमेकांची पुढची ओळ माहीत होती.

जावयाचं म्हणणं आकड्यांचं होतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. प्रीमियर लीगमधल्या शेवटच्या क्रमांकाच्या संघालाही टीव्हीच्या हक्कांतून वर्षाला १० कोटी पौंडांच्या आसपास मिळतात. त्याखालच्या श्रेणीतल्या साध्या क्लबाला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पण वर जायची स्वप्नं सगळ्यांनाच, म्हणून खेळाडूंचे पगार मिळकतीच्या पलीकडे जातात. तिथले कित्येक क्लब कमवतात त्याहून जास्त फक्त पगारावर खर्च करतात. दरवर्षी पडणारा खड्डा मालक भरतो. व्हेंकीजनी असे आजवर २० कोटी पौंडांहून अधिक घातले आहेत. "आता समजा," जावई माझ्याकडे वळून म्हणाला, "दोन हजार लोकांनी ४०० पौंडांचं सीझन तिकीट घेतलं नाही. झाले ८ लाख. मालक वर्षाला त्याच्या कितीतरी पट घालतात. त्यांना काय फरक पडतो? उद्या ते गेले तर हा खड्डा कोण भरणार? बरीचं काय झालं ते बघा."

बरी हे मोटारीने अर्ध्या तासावरचं गाव. तिथला क्लब १८८५ सालचा. २०१८च्या शेवटी तो एका पौंडाला विकला गेला, आणि देणी भागवता येत नाहीत म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये फुटबॉल लीगने त्याला काढून टाकलं. चाहत्यांना कित्येक वर्षं जायला मैदानच उरलं नाही. आता तो क्लब पुन्हा उभा राहतोय, पण कितीतरी पायऱ्या खालून.

काकांनी लगेच दुसरं गाव पुढे केलं, ब्लॅकपूल. समुद्रकाठचं, मनोऱ्याचं, सगळ्या लँकेशायरचं सुट्टीचं गाव. तिथल्या चाहत्यांनी आपल्या मालकांविरुद्ध अनेक वर्षं कडक बहिष्कार पाळला. २०१७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की मालकांनी क्लबमधून गैररीतीने पैसा काढून घेतला. फेब्रुवारी २०१९ मध्ये क्लब त्यांच्या हातून सुटला आणि ९ मार्चला लोक परत आले. एरवी ओस पडलेल्या मैदानात त्या दिवशी पंधरा हजारांहून अधिक माणसं होती, आणि म्हातारी माणसं रडत होती. "बघ, जमतं," काका म्हणाले.

"ते मालक पैसे काढत होते," जावई म्हणाला. "आपले घालताहेत."

काका गप्प झाले. मला वाटतं सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. बहिष्कार हे गिऱ्हाइकाचं हत्यार आहे. समोरचा तुमच्या पैशावर जगत असेल तर ते लागतं. लँकेशायरची गिरणी आपल्या खरेदीवर चालत होती म्हणून आपण कापड घेणं थांबवल्यावर ती हलली. पण जो मालक वर्षानुवर्षं तोटाच सोसतो, त्याला तुमच्या तिकिटाचे पैसे थांबवून काय दुखणार? आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. विदेशी कापड टाकलं तर खादी होती. रोव्हर्स टाकला तर काय? शेजारच्या बर्नलीचा संघ? ब्लॅकबर्नमध्ये हे नुसतं बोलून बघा! मँचेस्टरच्या काही चाहत्यांनी २००५ मध्ये तेही केलं. मँचेस्टर युनायटेड अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने विकत घेतला, आणि त्यासाठी काढलेलं कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं, तेव्हा त्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, सभासदांच्या मालकीचा, प्रत्येकाला एक मत. तो आजही खालच्या श्रेणीत खेळतो. पण तेवढी हिंमत आणि तेवढी माणसं प्रत्येक गावात नसतात.

"मग तुम्हाला हवं तरी काय?" मी काकांना विचारलं. पैसा घालताहेत, क्लब विकत नाहीत, बंद करत नाहीत.

त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "कोणीतरी इथे येऊन बसावं. पैसा येतो, माणूस येत नाही. वॉकरच्या काळीही आम्ही हरायचो. पण तो तिथे बसून आमच्याबरोबर हरायचा."

आणि आता पैसाही सरळ येत नाही. गेली काही वर्षं भारतातल्या एका चौकशीमुळे मालकांना इंग्लंडला रक्कम पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाकडे परवानगी मागावी लागली आहे. ब्लॅकबर्नच्या क्लबात पुढच्या महिन्याला काय होणार याचा अंदाज दिल्लीतल्या तारखेवरून बांधायचा! २०२४च्या सुरुवातीला गावातच जन्मलेला, क्लबच्याच अकादमीत घडलेला अ‍ॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. त्याच वर्षी तो इंग्लंडकडून खेळला. आणि २०२५च्या उन्हाळ्यात क्लबने महिलांच्या दुसऱ्या श्रेणीतल्या लीगमधून आपला संघ मागे घेतला, कारण तिथले वाढलेले निकष पाळण्याचा खर्च करायचा नव्हता.

हे शेवटचं मला नातीने सांगितलं. ती शाळेच्या संघात खेळते. वाद चालू असताना ती दाराशी बूट घालून उभी होती, आणि मध्येच म्हणाली, "आजोबा, त्यांनी मुलींचा संघ काढून टाकला ना, तर मी पण बहिष्कार घालायला पाहिजे. पण मग मला सामना बघता येणार नाही." दोन्ही मोठी माणसं हसली, पण जावयाने तिच्या डोक्यावर हात ठेवला तो जरा जास्तच वेळ ठेवला.

ते दोघं गेले. काकांनी कुत्र्याला पट्टा लावला. "चला, कालव्याकडे जाऊ."

लीड्स ते लिव्हरपूल असा दोनशे किलोमीटर लांबीचा जुना मालवाहतुकीचा कालवा ईवूडच्या अगदी जवळून जातो. पाणी काळसर, स्थिर, कडेला बदकं. तीन वाजले होते, सामना सुरू झाला होता. भिंतीच्या पलीकडून आवाज येत होता, आपल्याकडे दूरच्या मैदानावर गरबा चालला की घरात येतो तसा, शब्द न कळणारा. काका काठाने सावकाश चालत होते आणि मध्येच काहीतरी बोलत होते. "कॉर्नर." "ऑफसाइड, बहुतेक." मग एकदा सगळं मैदान एका श्वासात थांबल्यासारखं झालं आणि ओरडा फुटला. मी त्यांच्याकडे पाहिलं. "आपला," ते म्हणाले, आणि चालत राहिले. पुढे आणखी एक ओरडा आला, लहान, एकाच कोपऱ्यातून. "त्यांचा."

बहिष्कार घातलेला हा माणूस सामन्यातलं एक मिनिटही चुकवत नव्हता.

पाचच्या सुमारास नात धावत आली आणि तिने पहिल्या मिनिटापासून सगळा सामना सांगायला घेतला. काका मन लावून ऐकत होते. "हो का? मग? गोल कोणी मारला?" कालव्यावरचं काहीच त्यांनी तिला सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं.

परतीच्या गाडीत डोक्यात घोळत होतं ते पुणं आणि वडोदरा. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये सभासदांच्या हाती निम्म्याहून अधिक मतं असावीच लागतात. इंग्लंडमध्येही २०२५ मध्ये कायदा झाला, स्वतंत्र नियामक आला. मालक कोण होऊ शकतो, आणि मैदान, बोधचिन्ह, रंग यांना हात लावण्याआधी चाहत्यांना विचारावं लागेल का, हे आता तो पाहणार. चांगलंच आहे. पण मालकाने शनिवारी येऊन बसावं असा कायदा कोणी करू शकत नाही. १९३१ मध्ये एक माणूस, कसलंही बंधन नसताना, डार्वेनला येऊन बसला होता. त्याने गिरण्या सुरू करून दिल्या नाहीत, बहिष्कारही मागे घेतला नाही. तरी बायकांनी त्याचा जयजयकार केला.

आपली मंडळं, वाचनालयं, गणेशोत्सव यांच्याही मागे कुठे ना कुठे एखादा जॅक वॉकर आहे. कोणी सभागृह बांधून दिलं, कोणी जागा दिली, कोणी राजाश्रय दिला. तो गेला की दोन-तीन पिढ्यांनी खर्चाची तोंडमिळवणी आणि कोणाचं चालतं यावरची कुरबूर सुरू होते. ब्लॅकबर्नचे चाहते निदान फलक घेऊन उभे राहतात, पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून जातात, सगळ्यांना दिसेल असं. आपल्याकडची तरुण मुलं एवढंही करत नाहीत. ती फक्त येत नाहीत. विचारलं तर म्हणतात, वेळ नाही. कार्यकारिणीला वाटतं मुलांना आस्था नाही, आणि मुलांना वाटतं आपल्याला कोणी विचारत नाही. पण त्यांतली किती जणं आरतीच्या वेळी घराच्या गच्चीवर उभी राहून ढोलाचा ठेका ओळखत असतात, ते मला आता विचारावंसं वाटतं.

तुम्ही कधी मँचेस्टरला गेलात तर एखाद्या शनिवारी ब्लॅकबर्नची गाडी जरूर पकडा. डार्वेनचं धुराडं उजेडात बघा. सामन्याचं तिकीट काढायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. नसेल काढायचं तर तीन वाजता ईवूडजवळच्या कालव्याकाठी जा. तिथे कुत्रा घेऊन फिरणारं कोणी ना कोणी भेटेल, आणि गोल कोणाचा ते न बघता सांगेल.